जिभेवरचं शेवाळ : ॲक्युपंक्चर करणाऱ्या मित्रमैत्रिणींना खुलं पत्र

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर आणि चिनी वैद्यकाची प्रॅक्टिस करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात गेली सव्वीस वर्षं हिरड्यांचे आजार बघते. तुमच्याकडे येणारा आणि माझ्याकडे येणारा पेशंट पुष्कळदा एकच असतो. दोन्हीकडे त्याला तेच वाक्य ऐकावं लागतं: "जीभ बाहेर काढा." तुम्ही जिभेवरचा थर वाचता, मी आजवर तो खरवडून टाकायला सांगत आले. त्या थरात नेमकं काय चालतं आणि त्याचा बीपीशी काय संबंध आहे, यावर आपण एकमेकांशी बोलायला हवं होतं. बोललो नाही. म्हणून हे पत्र. यात दोन्ही बाजूंची झडती आहे, सुरुवात माझ्यापासून करते.

एक निवृत्त शिक्षिका माझ्या पेशंट आहेत. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून आल्या होत्या. मी खोलवर सफाई केली आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं माउथवॉश लिहून दिलं, सकाळ-संध्याकाळ, दोन आठवडे. तोंड छान स्वच्छ वाटतं म्हणून बाईंनी ते चौदा महिने चालवलं. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही आणि मीही कधी फोन करून विचारलं नाही. मधे त्यांना चक्कर येऊ लागली, तेव्हा कुणीतरी सुचवलं म्हणून त्या तुमच्यातल्या एका चिकित्सकाकडे गेल्या. त्यांनी जीभ पाहिली. मागच्या भागावर पिवळट-तपकिरी थर होता. नाडी पाहिली, ती ताणलेल्या तारेसारखी लागली. यकृताचं यांग, म्हणजे शरीरातली उष्ण, चढती बाजू, वर उसळतंय, सोबत उष्णता आहे, असं निदान झालं आणि सुया सुरू झाल्या. बाईंना बरं वाटू लागलं. इतकं बरं, की बीपीची गोळी त्यांनी आपली आपणच बंद करून टाकली. दाताच्या कामासाठी माझ्याकडे परत आल्या तेव्हा सवयीप्रमाणे मी पट्टा बांधला. 178 वर 102.

पिवळट-तपकिरी थराचं म्हणाल, तर तो माझ्या बाटलीचा डाग होता. क्लोरहेक्सिडीन फार दिवस वापरलं की दात आणि जीभ तपकिरी पडतात, हे बीडीएसच्या कुठल्याही पोराला माहीत असतं. जीभ मी रंगवली, तुमच्या माणसाने ती वाचली, आणि "बाई, तोंडात काय फिरवता?" हा साधा प्रश्न दोघांपैकी एकानेही विचारला नाही.

या चुकीला चिनी वैद्यकात नाव आहे, हे मला पुढे वाचताना कळलं. 'रान-थाय' म्हणजे रंगलेला थर. खाण्यापिण्याने, औषधाने जिभेला जो उसना रंग चढतो, तो खरा थर समजू नका, अशी सूचना त्यांच्याकडे आहे. म्हणजे ज्या शास्त्राच्या नावाने बाईंचं निदान झालं, त्याच शास्त्राने सावध केलेलं होतं. मला याचं जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर मी जिभेवरचं चिनी लिखाण मिळेल तसं, इंग्रजीतून, वाचत गेले. टिंगल करण्याच्या तयारीने सुरुवात केली होती, ते कबूल करते. आमच्या व्यवसायात तुमच्याबद्दल काय बोललं जातं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण एका शब्दापाशी मी अडखळले. जिभेवरच्या थराला चिनी भाषेत 'थाय' म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ शेवाळ. ओल्या दगडावर धरतं तसं. निरोगी जिभेवर पातळ, पांढरं शेवाळ असायलाच हवं, असं हे वैद्यक सांगतं. ते जठराच्या 'ची'मधून, म्हणजे प्राणशक्तीतून, वर येतं म्हणे. ते अजिबात नसेल, जीभ आरशासारखी गुळगुळीत आणि नागडी असेल, तर ते वाईट लक्षण. युआन राजवटीत, 1341 साली, तू छिंगपी नावाच्या वैद्याने संपादित केलेल्या ग्रंथात जिभेची छत्तीस चित्रं आहेत. निव्वळ जिभेला वाहिलेला इतका जुना ग्रंथ दुसरा माझ्या माहितीत नाही. सहाशे-सातशे वर्षं ही मंडळी शेवाळाकडे टक लावून बघत होती आणि ते समूळ काढून टाका असं म्हणत नव्हती. आणि आम्ही? दंतवैद्यकाच्या कॉलेजात मला शिकवलं गेलं की जिभेवरचा थर म्हणजे घाण. मेलेल्या पेशी, अन्नाचे कण, जंतू. खरवडा, मारा, चूळ भरा.

शेवाळ जिवंत असतं. जिभेवरचंही असतं.

आता माझ्या बाजूचं विज्ञान. तुमच्यापैकी अनेकांनी ते वाचलेलं असेल, तरी मांडते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पालक, माठ, चाकवत, शेपू, मुळा, बीट यांत नायट्रेट भरपूर असतं. आपण भाजी खाल्ली की ते आतड्यातून रक्तात जातं. बरंचसं लघवीवाटे निघून जातं, पण सुमारे चौथा हिस्सा लाळग्रंथी रक्तातून उचलून घेतात आणि लाळेत सोडतात. लाळेत त्याचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा दहापटीहूनही जास्त होतं. शरीर एखादी गोष्ट इतका खटाटोप करून तोंडात परत का आणतं, हे कोडं बरीच वर्षं होतं. उत्तर जिभेच्या मागच्या भागात, खाचाखोचांत दडलेलं होतं. तिथे व्हेलोनेला, नायसेरिया, रोथिया, ॲक्टिनोमायसीस अशा जिवाणूंची वस्ती असते. नायट्रेटचं नायट्राइट करण्याची हातोटी आपल्या पेशींकडे जवळजवळ नाही, ती या जिवाणूंकडे आहे. ते नायट्राइट लाळेबरोबर आपण गिळतो. काही जठरातल्या आम्लात, काही पुढे रक्तात, त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं. या वायूने रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावतात आणि दाब उतरतो. नायट्रिक ऑक्साइड हा रक्ताभिसरणातला निरोप्या आहे हे शोधल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना 1998 चं नोबेल मिळालं.

थोडक्यात, भाजी आपण खातो, पण बीपीला तिचा जो फायदा होतो त्यातला मोठा वाटा हे भाडेकरू कमावून देतात.

त्यांना हुसकावलं तर काय होतं, हे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली पाहिलं. एकोणीस निरोगी स्वयंसेवक आणि क्लोरहेक्सिडीनच्या चुळा, सात दिवस. तोंडात नायट्राइट तयार होण्याचं प्रमाण सुमारे 90 टक्क्यांनी घसरलं, रक्तातलं नायट्राइट सुमारे 25 टक्क्यांनी. आणि बीपी 2 ते 3.5 अंकांनी वर गेलं. तुम्ही म्हणाल, तीन अंक म्हणजे काय ते. एका माणसासाठी फार नाही. पण ही तरुण, निरोगी माणसं होती आणि आठवडाच होता. ज्याचं बीपी आधीच सीमेवर आहे आणि बाटली वर्षभर चालू आहे, त्याचं काय होत असेल हा विचार करताना मला माझ्या जुन्या चिठ्ठ्या आठवतात. पोर्तो रिको बेटावर वजन जास्त असलेल्या प्रौढांचा काही वर्षं पाठपुरावा केला होता. त्यांत दिवसातून दोन किंवा अधिक वेळा माउथवॉश वापरणाऱ्यांत उच्च रक्तदाब पुढे जास्त आढळला. तो अभ्यास निरीक्षणाचा आहे, त्यावरून माउथवॉशमुळेच झालं असं ठासून सांगता येणार नाही. पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

उलट बाजूही सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी पेशंटला म्हणेल की डॉक्टरीणबाईंनीच जंतू ठेवायला सांगितलेत, ब्रश कशाला करता. तोंडातले सगळे जिवाणू एका माळेचे मणी नव्हेत. जिभेच्या पाठीमागची ही वस्ती वेगळी आणि हिरड्यांच्या खाली, खोल खिशांत दडून बसणारी पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखी टोळी वेगळी. ती टोळी दाह पेटता ठेवते आणि तो दाह तोंडापुरता राहत नाही. 2019 साली पोलंडमधून एक चाचणी प्रसिद्ध झाली. बीपी आणि हिरड्यांचा आजार दोन्ही असलेल्या शंभरेक लोकांपैकी निम्म्यांच्या हिरड्यांवर नीट, सखोल उपचार केले, निम्म्यांची वरवर सफाई केली. दोन महिन्यांनी पहिल्या गटाचं वरचं बीपी दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे 11 अंकांनी खाली होतं. एकच चाचणी आहे, आकडा इतका मोठा की माझा मलाच संशय येतो. तरी दिशा तीच आहे.

आणि आता जो गुंता मी रोज पाहते तो. अम्लोडिपिन ही आपल्याकडे सगळ्यात जास्त लिहिली जाणारी बीपीची गोळी असावी. काही लोकांत तिने हिरड्या सुजतात, दातांवर चढतात. सुजलेल्या हिरडीखाली ब्रश पोचत नाही, रक्त येतं. पेशंट माझ्यासारखीकडे येतो, मी माउथवॉश देते. माउथवॉशने जिभेवरचे कामकरी मरतात, बीपी थोडं सरकतं. फिजिशियन गोळी वाढवतो. दुसरी गोळी लघवी वाढवणारी असेल तर तोंड कोरडं पडतं, लाळ आटते. आता हा माणूस तुमच्याकडे येतो. जीभ लाल, कोरडी, थर विरळ. तुमच्या पुस्तकात याला 'यिन'ची, म्हणजे थंड, ओलाव्याच्या बाजूची, कमतरता म्हणतात. तुमचं पुस्तक चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, ते लिहिलं गेलं तेव्हा या गोळ्या नव्हत्या. तुमच्यासमोर जी जीभ आहे तिच्यावर तीन दवाखान्यांचे ठसे उमटलेले आहेत आणि ते ओळखायचे तर औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करून घेण्याला पर्याय नाही.

इथे मला दुनहुआंगची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोबीच्या वाळवंटाच्या कडेला, रेशीममार्गावर, मोगाओची लेणी आहेत. 1900 साली वांग युआनलू नावाच्या ताओपंथी साधूला तिथे अकराव्या शतकात भिंत घालून बुजवलेली एक खोली सापडली. आत हस्तलिखितांचा ढीग. त्यांत वैद्यकाचीही होती. एका हस्तलिखितात, जे आठव्या शतकाच्या आसपासचं मानतात, काळजात अचानक कळ येऊन हातपाय गार पडलेल्या आणि नखं हिरवट-काळी झालेल्या रुग्णासाठी उपाय दिला आहे. पाच मापं सोरा, एक माप मनशीळ, बारीक पूड करा. रुग्णाची जीभ उचला, पूड जिभेखाली टाका. लाळ सुटली की त्याला ती गिळायला लावा.

सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. काळजाच्या कळेसाठी नायट्रेट, तेही तोंडात धरून, आणि 'लाळ गिळायला लावा' ही स्पष्ट सूचना. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आजच्या भाषेत लिहायचं तर जिवाणूंना त्यांचं काम करू द्या आणि तयार झालेलं नायट्राइट आत जाऊ द्या, असाच त्याचा अर्थ होतो.

पण तुमच्या मेळाव्यांत ही गोष्ट सांगितली गेली तर ती पुरी सांगा, एवढी विनंती. त्या पुडीतला दुसरा घटक मनशीळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड. विष. ज्याने ही पुडी लिहिली त्याला जिवाणू माहीत नव्हते, नायट्रिक ऑक्साइड माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं असेल की अशी पुडी दिल्यावर काही माणसं सावरतात. ते बघण्याची नजर मोठी होती, यात शंका नाही. मात्र 'आमच्या पूर्वजांना नोबेलचा शोध बाराशे वर्षं आधी लागला होता' असं म्हणणं म्हणजे त्यांच्या निरीक्षणावर हरताळ फासणं. (हरताळही आर्सेनिकचीच, योगायोगाने.) आणि हे वाचून कुणी सोरा आणून चाटू नका. जास्त झाला तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच जाते. आजीआजोबांच्या डबीत असते ती जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी वेगळी. ती थेट रक्तात शोषली जाते, जिवाणूंची वाट बघत नाही.

लाळ गिळण्याचं चिनी वेड या एका पुडीपुरतं नाही. ताओपंथी साधनेत सकाळी दातावर दात हलके आपटायचे, जीभ तोंडात फिरवायची, गोळा झालेली लाळ तीन घोटांत गिळायची, असा परिपाठ आहे. तिला ते जेड रत्नाचा द्रव म्हणतात. चिनी लिपीत 'जगणं' या अर्थाचं अक्षर लिहिताना पाणी आणि जीभ ही दोन चिन्हं शेजारी येतात, त्यावरून लाळेचं माहात्म्य सांगण्याची लोकरीतही आहे. भाषाशास्त्री ती मानत नाहीत, पण अक्षर बघायला सुंदर आहे. आपल्याकडे लाळ उष्टी, थुंकून टाकायची. ज्येष्ठमध चघळून लाळ गिळणाऱ्यांनी मात्र जपून. चिनी काढ्यांत हे मूळ सर्रास पडतं, घसा बसला की आपणही तोंडात धरतो, पण ते रोज आणि भरपूर घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. काढा लिहून देणाऱ्यांनी हे पेशंटला सांगायलाच हवं.

मग 'आपल्या' चरकाने जीभ खरवडायला सांगितलीय त्याचं काय, असा प्रश्न येणार. सांगितलीय. सोनं, चांदी, तांबं, कथील, पितळ यांची पट्टी, धार नसलेली आणि वाकडी. खुशाल खरवडा, पण हलक्या हाताने. खाचांतली वस्ती त्याने मुळासकट जात नाही, ती पुन्हा वाढते. जंतुनाशकाची गोष्ट निराळी, ते खाचांतही पोचतं. मी पट्टीच्या विरोधात नाही, बाटलीच्या सवयीच्या विरोधात आहे. शस्त्रक्रियेनंतर आठ-पंधरा दिवस क्लोरहेक्सिडीन लागतं, तेव्हा मी आजही लिहिते. हल्ली चिठ्ठीवर बंद करायची तारीखही टाकते.

आता तुमच्याबद्दलचं खरं दुखणं. बीपीला लक्षणं नसतात. बहुतेकांना काहीच होत नाही, आणि मग एक दिवस लकवा. तुमच्या चार परीक्षा, म्हणजे बघणं, ऐकणं-हुंगणं, विचारणं आणि नाडी चाचपणं, या सगळ्या जे दिसतं, जाणवतं, सांगितलं जातं त्यावर चालतात. जुन्या चिनी ग्रंथांत उच्च रक्तदाब नावाचा आजारच नाही, असू शकत नव्हता. रिवा-रोचीने दंडाला पट्टा बांधला 1896 साली, कोरोत्कोव्हने त्यात स्टेथोस्कोपचे आवाज ऐकले 1905 साली. त्याआधी होती ती चक्कर, ज्याला तुम्ही 'श्वेन-युन' म्हणता, आणि वारा व चक्कर ही सगळी यकृताकडची, असं 'ह्वांगती नेइचिंग' या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथातलं सूत्र. त्या खणात पुढच्या लोकांनी बीपी नेऊन ठेवलं. तियानमा आणि गोउतेंग या वनस्पतींचा जो प्रसिद्ध काढा आज चीनमध्ये बीपीसाठी देतात, तो गेल्या शतकाच्या मध्यातला आहे. वाईट त्यात काही नाही. पण चक्कर थांबली म्हणजे दाब उतरला, असं होत नाही. बाईंची चक्कर थांबली होती. आकडा 178 होता.

सुयांनी बीपी उतरतं का, यावर कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने 2018 साली उपलब्ध चाचण्या तपासल्या. दीर्घकाळ टिकेल असा उतार ॲक्युपंक्चरने मिळतो याचा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तुमच्यातले जे प्रामाणिक आहेत ते पेशंटला हे सांगतात, मला माहीत आहे. जे सांगत नाहीत त्यांच्यासाठी हा परिच्छेद. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात चिनी वैद्यकाचं प्रकरण आलं, हा दाखला कृपया भिंतीवर लावू नका. नोंदी कशा ठेवाव्यात याची ती यादी आहे, उपचार लागू पडतात याचं प्रशस्तिपत्र नव्हे.

चीनबद्दल बोलायचं तर तिथलं बीपीवरचं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम जिभेवरचं नाहीच, मिठावरचं आहे. 600 खेड्यांत, सुमारे 21 हजार लोकांना घेऊन केलेली चाचणी 2021 साली आली. निम्म्या गावांत नेहमीच्या मिठाऐवजी चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. तिथे लकव्याचं प्रमाण 14 टक्क्यांनी घटलं. (मूत्रपिंडाच्या पेशंटनी असं मीठ विचारल्याशिवाय घेऊ नये.) शेंगाचटणी आणि लोणच्याच्या गावात बसून मी हे लिहितेय, त्यामुळे आवाज जरा खालीच ठेवते.

जिभेवर काम चाललंय ते बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात. 2012 साली तिथल्या गटाने जठरदाहाच्या 19 रुग्णांच्या आणि 8 निरोगी लोकांच्या जिभेवरच्या थराची जनुकीय छाननी केली. 'शीत' आणि 'उष्ण' ठरवलेल्या रुग्णांच्या थरातले जिवाणू वेगळे निघाले. 19 माणसं म्हणजे काहीच नाही, हे तेही जाणतात. पण प्रश्न योग्य आहे: वैद्याला जो रंग दिसतो त्याच्याखाली कोण राहतं? उच्च रक्तदाबासाठी हाच प्रश्न आपल्याकडे विचारता येईल. दुसऱ्या कुणी तो विचारण्याची वाट का बघायची?

2015 साली महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला, पुढे परिषद आली. तुम्हाला हवी होती ती ओळख मिळाली. ओळखीबरोबर नोंदवही येते. तुमच्याकडे रोज शेकडो जिभा बाहेर येतात, माझ्या खुर्चीत येतात त्याहून जास्त शांतपणे आणि चांगल्या उजेडात. प्रत्येक जिभेच्या फोटोशेजारी चार गोष्टी लिहा: पट्ट्याने मोजलेलं बीपी, चालू औषधं, माउथवॉश वापरता का आणि कधीपासून, तंबाखू-मिश्री-पान. हिरडीतून रक्त येत असेल तर पेशंट दंतवैद्याकडे पाठवा. गोळीला हात लावायचा असेल तर ज्याने लिहिली त्याच्याशी बोला. मी माझ्या बाजूने माउथवॉश देण्याआधी बीपी मोजते आणि तुमचे उपचार चालू आहेत का ते विचारते. आधी विचारत नसे. लाज वाटायची म्हणा किंवा तोरा होता म्हणा.

आमच्या गावाचं चीनशी नातं जुनं आहे. द्वारकानाथ कोटणीस इथले. 1938 साली पाच भारतीय डॉक्टर तिकडे गेले, त्यांत ते होते, नागपूरचे चोळकर होते आणि कोलकात्याचे बसूही होते. कोटणीस परत आलेच नाहीत, बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारले. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन सुया शिकून आले आणि त्यांनी हे शास्त्र भारतात रुजवलं. सुईच्या त्या प्रवासातला एक धागा आमच्या गल्लीतून गेलेला आहे, म्हणून तुमच्याशी इतक्या हक्काने भांडतेय.

कळावे, लोभ असावा.

आपली,
हिरड्यांची एक डॉक्टर, सोलापूर

ता. क. शिक्षिका बाईंची गोळी त्यांच्या फिजिशियननी पुन्हा सुरू केली, माउथवॉश बंद झालं, मागच्या महिन्यात बीपी 134 वर 84 होतं. श्रेय बहुतेक गोळीचंच असावं. गुडघ्यासाठी त्या अजून सुया घेतात. परवा त्याच चिकित्सकांचा फोन आला. "मॅडम, एक पेशंट पाठवतोय. जीभ चांगलीच जांभळी आहे, आमच्याकडे याला रक्त साकळणं म्हणतात, पण आधी तुम्ही बघा." गृहस्थ आले. येताना स्टँडवर पावशेर जांभळं खाऊन आले होते. दोन चुळा भरल्यावर जीभ गुलाबी झाली. पट्टा बांधला, तर बीपी 162 वर 98. आयुष्यात आधी कधी मोजलेलंच नव्हतं म्हणाले.